डोळ्यात तेल घालून

गेल्या वर्षीची दिवाळी आमच्या घरी पालथी गेली. हा भाषेचा अलंकार नव्हे, शब्दशः घडलेली गोष्ट आहे. घरातले सर्वांत वडील माणूस, म्हणजे आमचे अण्णा, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत जमिनीकडे तोंड करून पालथे निजून होते. फराळाची बशी पलंगाच्या डोक्याशी खाली ठेवलेल्या स्टुलावर, चहा नळीने, आणि आल्यागेल्याशी बोलणे फरशीकडे पाहत. भाऊबीजेला आत्या आल्या. ओवाळायचे कसे, हा प्रश्नच होता. शेवटी त्या सत्तरीतल्या बाईंनी जमिनीवर बैठक मारली आणि भावाला खालून वर ओवाळले. अण्णा म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा बहिणीने माझ्या पायाशी बसून ओवाळलं नाही, डोळ्याशी बसून ओवाळलं.” हसता हसता आत्यांनी पदर डोळ्यांना लावला.

अण्णांच्या उजव्या डोळ्यात तेल भरले होते. दिवाळीत तेल अंगाला लावतात, पणतीत घालतात, कढईत तापवतात. डोळ्यात तेल घालून राखण करणे हा तर आपल्या भाषेतला जुना वाक्प्रचार. पण तो आपल्याच घरात असा अक्षरशः खरा होईल, असे कुणाला वाटले होते? आणि हे तेल तिळाचे नव्हते, करडईचे नव्हते, एरंडाचे नव्हते. ते वाळूपासून काढलेले तेल होते.

मी नगरच्या एका महाविद्यालयात तीसएक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. 2024 साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अण्णांच्या तोंडी मात्र अजून ‘नगर’च येते, म्हणून माझ्याही लेखणीतून तेच उतरले तर वाचकांनी समजून घ्यावे. या तीस वर्षांत सिलिकोनवर मी कितीदा तरी फळ्यावर आकृत्या काढल्या असतील. पण त्या आकृतीचा अर्थ मला स्वतःला नीट उमगला तो गेल्या वर्षी, एका हट्टी म्हाताऱ्याला समजावताना.

पडदा सरकला

दसऱ्याच्या दिवशी सोने वाटून घरी आल्यावर अण्णांना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसले. मग काळे ठिपके, जणू कुणी काजळीची चिमूट समोर उधळली आहे. त्यांनी हे कुणाला सांगितले नाही. सणासुदीत कशाला घोर लावायचा, असा त्यांचा हिशेब. आठ दिवसांनी त्या डोळ्यासमोर खालून एक काळा पडदा वर चढू लागला, तेव्हा धाकट्या भावाने त्यांना गावाहून माझ्याकडे आणून सोडले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की आतले दृष्टिपटल फाटून मागच्या भिंतीपासून सुटले आहे. आपल्या डोळ्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला कागद चिकटवावा तसा हा नाजूक पडदा असतो. उतारवयात डोळ्यातला जेलीसारखा गर आक्रसतो, कधी पडद्याला ओढतो आणि पडद्याला भोक पडते. त्या भोकातून पाणी मागे शिरले की ओल आलेल्या भिंतीवरच्या कागदासारखा पडदा सुटत जातो. वीज चमकणे आणि ठिपके दिसणे ही त्याची पहिली हाक असते. त्याच दिवशी गेले असते तर कदाचित लेसरने भोकाच्या कडा डागून काम भागले असते. आठ दिवसांत पडद्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

आता आतला गर काढायचा, पडदा जागेवर बसवायचा, भोकाभोवती लेसरने डागायचे आणि पडदा चिकटेपर्यंत आतून कशाने तरी दाबून धरायचा. दाबून धरायला कधी वायू वापरतात. पण वायू काही आठवड्यांत विरून जातो. अण्णांच्या पडद्याला जास्त दिवस आधार हवा होता. डॉक्टर म्हणाले, “आपण सिलिकोन ऑइल भरू. काही महिन्यांनी काढून टाकू.”

अण्णा खुर्चीत ताठ झाले. “काय भरणार म्हणालात?”

“सिलिकोन ऑइल.”

“मग राहू द्या,” अण्णा उठत म्हणाले. “एक डोळा आहे अजून. त्यावर निघेल राहिलेलं.”

मी चकित होऊन पाहत राहिले. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

फेस मारायचे औषध

त्यांच्या नकाराचे कारण कळायला अण्णांचा धंदा माहीत हवा. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन प्रवरेच्या मुलखात लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात कारखान्यामागून कारखाने उभे राहिले. कारखाना म्हटला की मळी आली, आणि मळी आली की तिच्यापासून मद्यार्क काढणारी डिस्टिलरी आली. अशाच एका डिस्टिलरीत अण्णांनी सगळी नोकरी काढली. मळीत यीस्ट घालून मोठमोठ्या टाक्यांत ती आंबवतात, त्या खात्यात ते होते.

मळी आंबू लागली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. मळी मुळात चिकट, त्यामुळे बुडबुडे फुटत नाहीत. फेसावर फेस चढतो आणि दूध उतू जावे तशी टाकी उतू जाते; माल वाया, जमीन घसरडी आणि वरून साहेबांची बोलणी. पूर्वी त्यात टर्की रेड ऑइल टाकीत. एरंडेलावर गंधकाच्या तेजाबाची प्रक्रिया करून ते बनवतात. पुढे दुधासारखे पांढरे औषध आले. तांब्याभर ओतले की माणूसभर उंचीचा फेस बघता बघता खाली बसायचा. त्या पिंपावर लिहिलेले असायचे – सिलिकोन.

“तेच का गं?” रात्री जेवण झाल्यावर अण्णांनी विचारले. “फेस मारायचं औषध माझ्या डोळ्यात घालणार? अगं, ते हाताला लागलं तर साबणानं दोनदा धुऊनसुद्धा बुळबुळीत राहायचं.”

मला खोटे सांगून चालणार नव्हते. अण्णांना खोटे लगेच कळते. मी म्हणाले, “तेच नाही, पण त्याच घराण्यातलं आहे. आधी घराणं सांगते. मग तुम्ही ठरवा.”

शस्त्रक्रियेला डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. माझ्याकडे एक रात्र होती, कागद होता आणि पेन्सिल होती.

चार हातांचा सिलिकॉन

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे. स्वीडनच्या बर्झेलियसने 1824 च्या सुमारास ते वेगळे काढले. पृथ्वीच्या कवचात वजनाने सर्वांत जास्त ऑक्सिजन, सुमारे 46 टक्के. त्याच्या खालोखाल सिलिकॉन, सुमारे 28 टक्के. पायाखालची माती, वाळू, दगड, हे सारे मुख्यतः या दोघांच्या संसाराचे. सिलिकोन मात्र निसर्गात सापडत नाही. ते माणसाने घडवले.

लहानपणी आपण सारे साखळीचा खेळ खेळलो आहोत. एकमेकांचे हात धरायचे आणि साखळी वाढवत न्यायची. सिलिकॉनच्या अणूला हात चार, ऑक्सिजनला हात दोन, एवढे लक्षात ठेवले की पुरे. वाळूच्या कणात प्रत्येक सिलिकॉनने चारही हातांनी चार ऑक्सिजन धरलेले असतात, आणि प्रत्येक ऑक्सिजनचा दुसरा हात पलीकडच्या सिलिकॉनने धरलेला असतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे पकड. कुणाचाही हात मोकळा नाही, म्हणून कुणाला हलता येत नाही. वाळू कठीण का, याचे उत्तर एवढेच. उसाच्या पानाने हाताला कापते, त्या धारेतही हीच सिलिका असते. ऊस ती मुळांतून शोषून पानांत साठवतो.

आता आमच्या जिल्ह्याचा काळा दगड घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो झाला. नगरचा भुईकोट किल्ला याच दगडाचा. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीने गोटे फिरवून फिरवून जे रांजणखळगे कोरले, तेही याच दगडात. आमच्या गावच्या घरातली फरसबंदीही त्याचीच. या दगडात जी मुख्य खनिजे असतात, त्यांत पायरॉक्झिन नावाचे एक काळपट खनिज असते. त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची सरळ साखळी असते. सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन, अशी लांबच लांब रांग. प्रत्येक सिलिकॉनचे दोन हात साखळीत गुंतलेले. उरलेल्या दोन हातांतही ऑक्सिजनच असतो. त्यांना लोखंड, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे अणू धरून ठेवतात आणि एका साखळीला शेजारच्या साखळीशी जखडून टाकतात. म्हणून साखळी असूनही तो दगडच राहतो.

“आता गंमत बघा,” मी कागदावरचे ते बाजूचे दोन ऑक्सिजन खोडले आणि त्यांच्या जागी दुसरी चिन्हे काढली. “मधला कणा तसाच ठेवला. फक्त बाजूच्या दोन हातांत मेथिल दिले.”

मेथिल म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. या गटाला हात एकच, आणि तो सिलिकॉनने धरला. बाहेरच्या जगाला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. दोन साखळ्या शेजारी आल्या तरी एकमेकींना पकडणार कशाने? नुसत्या अंग घासून निसटून जातात. दगडातली जखड सुटली आणि तेल झाले.

अण्णा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. डाव्या डोळ्याने. मग म्हणाले, “म्हणजे कणा दगडाचा आणि अंगरखा तेलाचा.”

तीस वर्षांत मला हे वाक्य सुचले नव्हते.

या कण्यात आणखी एक खुबी आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची पकड साध्या तेलांतल्या किंवा प्लॅस्टिकमधल्या कार्बन-कार्बन पकडीपेक्षा सुमारे सव्वापट बळकट असते. म्हणून 200 अंशांच्या आसपास, जिथे खाण्याची तेले धुरकटू लागतात, तिथेही सिलिकोन बराच काळ टिकून राहते. दुसरे असे, की मधल्या ऑक्सिजनच्या अंगावर मेथिलचे ओझे नसते. तो सैल बिजागरीसारखा हवा तसा वळतो. त्यामुळे साखळी कमालीची लवचीक होते आणि उणे 50 अंशांच्या थंडीतही ताठरत नाही.

साखळी आखूड ठेवली तर पाण्यासारखे पातळ तेल मिळते, लांब केली तर मधासारखे दाट. डोळ्यात भरतात ते तेल पाण्याच्या हजारपट किंवा त्याहूनही दाट असते. लांब साखळ्या मधूनमधून एकमेकींना टाके घालून बांधल्या की रबर होते. बाळाच्या बाटलीचे बूच, केकचे साचे, काही कुकरच्या रिंगा त्याच्या असतात. आणि दोन हातांऐवजी तीन हात पकडीत गुंतवले की जाळे विणले जाऊन कडक राळ तयार होते. हात किती मोकळे सोडायचे आणि किती गुंतवायचे, एवढ्यावर सारा खेळ.

“ते झालं,” अण्णा म्हणाले. “पण पिंपातलं आणि डोळ्यातलं यात फरक काय?”

हाच खरा प्रश्न होता. मी सांगितले की पिंपातल्या औषधात नुसते तेल नसते. त्यात सिलिकाची अतिबारीक पूड खललेली असते आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून साबणासारखी द्रव्ये घातलेली असतात. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण या तेलाच्या साडेतीनपट. त्यामुळे बुडबुड्याच्या भिंतीवर तेलाचा थेंब पडला की तो झरकन पसरतो, भिंत तिथे विरविरीत होते, पुडीचा कण तिला टोचतो आणि बुडबुडा फुटतो. पोटातल्या गॅसवरच्या औषधाच्या बाटलीवर सिमेथिकोन असे नाव वाचाल, तेही हेच काम करते. डोळ्यातल्या तेलात मात्र पूड नाही, साबण नाही. शिवाय तेल बनताना काही साखळ्या फार आखूड राहतात, काही गोल कडी होऊन बसतात. हा हलका माल डोळ्याला त्रास देतो. तो सगळा आधी काढून टाकलेला असतो.

“कसा काढतात?”

“तुम्ही कसा काढत होता, अण्णा? स्पिरिटमधला हलका भाग आणि जड भाग?”

अण्णांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. ऊर्ध्वपातनाचा स्तंभ त्यांनी जन्मभर शेजारी पाहिलेला. एकाच टाकीतून निघालेल्या मालाचे जळाऊ स्पिरिट होते, आणि तोच शुद्ध केला की इस्पितळात जातो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

“अपाय काहीच नाही का?” त्यांनी विचारले. आहे, मी म्हणाले. मोतीबिंदू होण्याची शक्यता असते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि फार दिवस ठेवले तर तेलाचे बारीक थेंब सुटून दुधाळ होते. म्हणून तर ते पुन्हा काढायचे असते. तेल आहे तोवर नजरही धूसर राहील, कारण प्रकाश त्यातून वेगळा वळतो.

“फेस होतो म्हण की,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने उठून त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. “सकाळी फोन कर डॉक्टरांना.”

सव्यापसव्य

शस्त्रक्रिया झाली आणि अण्णा गावी आले ते पालथे निजण्याची आज्ञा घेऊनच. सिलिकोनचे तेल पाण्यापेक्षा किंचित हलके असते, म्हणजे ते वर तरंगते. डोळ्याचा पडदा मागच्या बाजूला. माणूस पालथा निजला की मागची बाजू वर येते, तेल वर चढते आणि पडद्याला दाबून धरते. उताणे निजले की तेल पुढे येणार आणि सगळे मुसळ केरात. म्हणून दिवसरात्र तोंड खाली आणि समोर काळ्या दगडाची फरशी. अण्णा म्हणत, “आतही तोच कणा, बाहेरही तोच.”

वेळ जावा म्हणून ते मला प्रश्न विचारीत आणि मी जवळ बसून करंज्या भरता भरता सांगत असे. वाळू रगडून तेल काढण्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो. भर्तृहरीचा तो श्लोक वामनपंडितांनी मराठीत आणला. वाळूतून एक वेळ तेल निघेल, पण मूर्खाची समजूत घालता येणार नाही, असा त्याचा आशय. भर्तृहरीने अशक्याचे उदाहरण म्हणून जे दिले, ते विसाव्या शतकात खरोखरच घडले. फक्त रगडून भागले नाही.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग नावाचे प्राध्यापक होते. एकोणिसावे शतक संपता संपता त्यांनी सिलिकॉनची कार्बनी संयुगे करायला घेतली आणि पुढची चाळीस-एक वर्षे तोच ध्यास धरला. ‘सिलिकोन’ हे नाव त्यांचेच. आपण केलेले पदार्थ कीटोन या कार्बनी संयुगांसारखे आहेत, अशा समजुतीने त्यांनी ते दिले. तो समज चुकीचा निघाला, नाव मात्र चिकटले. किपिंगना हवे होते सुबक स्फटिक. हाती येई चिकट, तेलकट राळ. ते तिच्यावर वैतागत. 1936-37 च्या सुमाराला एका मानाच्या व्याख्यानात त्यांनी या शाखेतून लौकर काही मोठे निघेल अशी फारशी आशा नाही, असे सांगून टाकले. आणि ज्या राळेला ते कंटाळले होते, तीच पुढच्या दहा वर्षांत कारखान्यांतून पिंपे भरभरून निघू लागली. 1949 साली ते वारले, म्हणजे हे पाहायला ते हयात होते.

अमेरिकेत कॉर्निंग या काचेच्या कंपनीत फ्रँकलिन हाइड यांनी काच आणि प्लॅस्टिक यांच्या मधला पदार्थ शोधताना या राळेचे मोल ओळखले. पण ती करायची रीत खर्चीक होती. 1940 च्या मे महिन्यात जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रॉको यांनी सोपी वाट काढली. सिलिकॉनची पूड तांब्याबरोबर सुमारे 300 अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यावरून मेथिल क्लोराइड वायू सोडायचा. आजही जगभर सिलिकोन मुख्यतः याच वाटेने तयार होते.

सगळा प्रकार म्हणजे मोठे सव्यापसव्य आहे. आधी गारगोटी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत घालून तिचा ऑक्सिजन हिरावून घ्यायचा, उरतो सिलिकॉन. मग त्याच्या दोन हातांत मेथिल आणि दोन हातांत क्लोरीन द्यायचे. मग त्यावर पाणी घालायचे. पाणी क्लोरीनला हाकलून देते आणि त्या जागी परत ऑक्सिजन येतो, की लागली साखळी वाढायला. म्हणजे ज्याला घराबाहेर काढले, त्यालाच पाटावर बोलावून आणायचे. पण मधल्या काळात दोन हातांवर मेथिल बसलेले असते, आणि सगळा फरक त्याने पडतो.

अण्णांना सर्वांत आवडले ते पुढचे. भट्टीतून दोन मेथिलचा माल निघतो तसा एक मेथिलचा आणि तीन मेथिलचाही निघतो. एक मेथिलवाल्याचे तीन हात मोकळे, तो साखळीला फांद्या फोडतो. तीन मेथिलवाल्याचा एकच हात मोकळा, तो साखळी तिथेच संपवतो. म्हणून तिघांना वेगळे केल्याशिवाय तेल साधत नाही. दोन मेथिलचा माल 70 अंशांना उकळतो आणि एक मेथिलचा 66 ला.

“चार अंशांचा फरक?” अण्णांनी फरशीकडे पाहत शीळ घातली. “काय उंचीचा स्तंभ लागत असेल गं!”

एक गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ते बराच वेळ गप्प राहिले. 1955 साली अमेरिकेत जॉन होल्टर या कुलुपाच्या कारखान्यातल्या कारागिराला मुलगा झाला. मुलाच्या मेंदूत पाणी साठत होते. ते वाहून न्यायला नळी हवी, आणि तिला एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. होल्टरने स्वतः खपून सिलिकोन रबराची झडप बनवली, कारण शरीराला न खुपणारा आणि उष्णतेने निर्जंतुक करता येणारा असा हाच पदार्थ होता. ती 1956 साली पहिल्यांदा वापरली गेली. त्याचा स्वतःचा मुलगा लहानपणीच गेला; पण त्या झडपेने पुढे कितीतरी मुले वाचली. डोळ्यातला पडदा धरून ठेवायला सिलिकोनचे तेल वापरावे, हे पॉल सिबिस या डॉक्टरांनी 1962 साली दाखवून दिले.

म्हणून सिलिकोन म्हणजे सर्वगुणसंपन्न, असे मात्र कुणी समजू नये. सौंदर्यासाठी हे तेल सुईने शरीरात टोचून घेणे धोक्याचे आहे. ते मांसात पसरते आणि परत काढता येत नाही. जो चिवटपणा त्याला टिकवतो, त्याच्यामुळेच ते निसर्गात लौकर विरत नाही. त्याच्या लहान गोल कड्यांपैकी काहींवर युरोपात 2020 पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत निर्बंध आहेत. आणि घरोघरीचा एक गैरसमज: न चिकटणाऱ्या काळ्या तव्याचा लेप बहुधा टेफ्लॉनचा असतो, ते घराणे निराळे.

फेस झाला नाही

फाल्गुनात तेल काढायचे ठरले. घरात पुन्हा तीच धास्ती, कारण आधार काढल्यावर पडदा कधी कधी पुन्हा सरकतो. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी भाऊ, त्याच्या हातात जपमाळ. सबंध रसायनशास्त्र माहीत असून काही उपयोग नव्हता. आत एका माणसाचा हात स्थिर राहतो की नाही, एवढ्यावर सारे होते.

तासाभराने बोलावणे आले. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधलेले अण्णा खुर्चीत बसले होते आणि डॉक्टर जरा गोंधळून हसत होते. अण्णांनी काढलेले तेल पाहायला मागितले होते. अशी मागणी आजवर कुणी केली नाही, असे डॉक्टर म्हणाले. परिचारिकेने पिचकारी उजेडात धरली. अण्णांनी डाव्या डोळ्याने ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. आत पाण्यासारखे स्वच्छ, दाट तेल होते.

“फेस झाला नाही,” ते म्हणाले. टाकीवरची पाळी संपवून दुसऱ्याच्या हाती खाते सोपवताना म्हणत असतील, अगदी तसे.

पडदा जागेवर राहिला. त्या डोळ्याने अण्णांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, येणारही नाही. पडद्याचा मधला भाग सुटून फार दिवस झाले होते. पण समोरचे माणूस ओळखू येते, पायरी दिसते, ताटातले पदार्थ वेगळे दिसतात. ते आठ दिवस वाया गेले नसते तर अधिक दिसले असते, हे त्यांना ठाऊक आहे. गावात कुणी डोळ्यापुढे ठिपके दिसतात म्हटले की ते त्याला दारातूनच पिटाळतात, “आधी दवाखाना, मग चहा.” वाचकांनाही माझे तेवढेच सांगणे. एकाएकी वीज चमकू लागली, ठिपके उधळले किंवा कडेने सावली चढू लागली, तर सण आटोपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यंदा भाऊबीजेला आत्या येणार आहेत. अण्णा पाटावर ताठ बसून ओवाळून घेणार आहेत. त्या कागदाची घडी अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. घडीवर तेलाचा डाग पडला आहे. तो साध्या गोडेतेलाचा आहे.